चार मिलिमीटर कातडी

सोमवार, १७ ऑक्टोबर २०११

माझ्या पाण्याच्या भांड्यात घाण असते, असं आज लेखी आलं.

सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. कागदावर सही ट्रेव्हरची. ट्रेव्हर आमच्या लॅबचा मुख्य. चाळिशीच्या आतला, भिंतीवर दोन पदव्या, चौकटींसकट. माझ्या भिंतीवर कॅलेंडर. मी या हॉस्पिटलात लागलो तो स्ट्रेचर ढकलायला. कापणं मला म्हाताऱ्या स्टॅनने शिकवलं, बाकीचं मी मला शिकवलं.

काय झालं ते क्रमाने लिहून ठेवतो. तोंडी सांगायला गेलं की लोक मधे बोलतात.

शुक्रवारी एकेचाळीस ठोकळे कापले. ठोकळा मेणाचा, मेणात रोग्याचा तुकडा. पात्याने चार मायक्रॉनचा काप काढायचा — केसाची जाडी भागिले वीस. काप बेचाळीस अंशाच्या पाण्यावर सोडायचा, पसरू द्यायचा, काचेवर उचलायचा. मग पाण्यावरून टिशू पेपर फिरवायचा आणि पुढचा ठोकळा लावायचा. पेपर फिरवला नाही तर आधीच्या माणसाचा कण पाण्यावर राहतो आणि पुढच्या माणसाच्या काचेवर चढून बसतो. त्याला आम्ही उपरा म्हणतो. उपऱ्यामुळे धडधाकट माणसाला कॅन्सर होतो. कागदावर होतो, पण कागदावरून पुढे सगळं होतं.

तेविसावा ठोकळा: मानेतली गाठ, तिच्यात लिम्फोमा, सर्वांना ठाऊक असलेला. चोविसावा: कातडी, चार मिलिमीटरचा गोल तुकडा, डावा कुल्ला. चोविसाव्याच्या काचेवर आमच्या काचा तपासून निदान करणाऱ्या डॉ. पेल्तिएबाईंना कातडीच्या वरच्या थरात काळ्या पेशींचा बारका पुंजका दिसला. ट्रेव्हर म्हणतो तो पुंजका तेविसातला. उपरा. माझ्या भांड्यातून आलेला.

खाली जागा सोडली आहे: ‘चूक मान्य. सही —’

मी पेपर फिरवला होता. प्रत्येक वेळी फिरवतो.

मंगळवार, १८ ऑक्टोबर

सही केली नाही.

बुधवार, १९ ऑक्टोबर

बाईंनी खोलीत बोलावलं. त्यांच्या मायक्रोस्कोपला दोन तोंडं आहेत — एका बाजूने त्या, दुसऱ्या बाजूने ज्याला दाखवायचं तो. मला वर्षातून दोन-तीनदा बोलावतात. ट्रेव्हरला जास्त वेळा, पण तो साहेब आहे.

“तुम्हीच बघा, रेयो.”

पाहिलं. पुंजका आहे. आणि पुंजक्याच्या बरोबर खालून एक चुणी गेली आहे. काप पाण्यावर पुरता पसरला नव्हता. ही चुणी माझी. ती मी नाकारत नाही, आजच्या तारखेला इथे लिहून ठेवतो.

“चुणीमुळे पातळी कळत नाही,” बाई म्हणाल्या. “पेशी कातडीच्या आत आहेत की वर येऊन पडल्यात, सांगता येत नाही. वर पडल्या असतील तर ट्रेव्हरचं बरोबर.”

“आणि आत असतील तर?”

“तर याला नऊ वर्षं चुकीचं औषध चाललंय.”

क्लिनिकची चिठ्ठी टेबलावर होती. नावाचा भाग बाईंनी दुमडून आत घातला होता. नावं मी तशीही वाचत नाही. खालचं वाचलं: पुरुष, ३९. नऊ वर्षांपासून चट्टे. कुल्ले, मांड्या, कंबर — चड्डीने झाकलेला भाग, तेवढाच. खवले, खाज. सहा मलमं झाली, जात नाही. एक्झिमा? सोरायसिस? आणि शेवटी बारीक अक्षरात: ‘चट्ट्यावरची कातडी पातळ, सुरकुतलेली, सिगारेटच्या कागदासारखी.’

ते शेवटचं वाक्य वाचून मी म्हणालो, “मायकोसिस फंगॉइडिस.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. “तो लाखात एखाद्याला होतो, रेयो. तुम्ही एवढ्या वर्षांत किती पाहिलेत?”

“चार. चारही मीच कापले.”

हे नाव मला कधीच पटलेलं नाही. नावात बुरशी आहे, रोगाचा बुरशीशी काही संबंध नाही. दोनशे वर्षांपूर्वी पॅरिसच्या एका डॉक्टरला रोग्याच्या अंगावरच्या गाठी अळंब्यांसारख्या दिसल्या, त्याने नाव ठेवून दिलं. खरा रोग रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा, लिम्फोमाच, फक्त राहायला कातडीत. दोनशे वर्षांत कुणाला नाव दुरुस्त करावंसं वाटलं नाही. मला एका पुंजक्याबद्दल कागद.

निघताना बाई म्हणाल्या, “ठोकळ्यात अजून कातडी शिल्लक आहे. खोलवर कापा. आणि नव्या स्लाइड थेट माझ्या हातात द्या. ट्रेव्हरच्या टेबलावरून येऊ देऊ नका.”

चला, निदान एक माणूस माझ्या बाजूने आहे.

गुरुवार, २० ऑक्टोबर

ट्रेव्हर जेवणाच्या सुट्टीत आला. सँडविच हातात, उभ्यानेच खात होता. हा हल्ली आठवडाभर उभ्यानेच जेवतो, मीटिंगमध्येही भिंतीला टेकून उभा असतो. बसलेल्या माणसाशी उभ्याने बोललं की आपण उंच दिसतो, हे कुठल्यातरी व्यवस्थापनाच्या वर्गात शिकवत असावेत.

“रेयो, ती सही करून टाका ना. कुणी तुम्हाला काही म्हणणार नाही. होतं कधी कधी.”

“माझ्या हातून होत नाही.”

“एकदाही नाही?”

“एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी. पित्ताशय. काच बाहेर जायच्या आधी स्टॅनने पकडली, आणि त्या दिवसाचे सगळे ठोकळे मला पुन्हा कापायला लावले.”

“मग हे दुसऱ्यांदा झालं असेल.”

चिडून नाही बोलला. विनवल्यासारखं बोलला. चिडला असता तर मला उत्तर देता आलं असतं.

“पेपर फिरवल्याचं नक्की आठवतंय तुम्हाला? तेविसानंतर?”

“आठवतंय.”

“नक्की?”

“ट्रेव्हरसाहेब, मी टॉयलेटमधून आल्यावर हात धुतो का, हेही लिहून देऊ?”

हसला नाही. दारापर्यंत गेला आणि तिसऱ्यांदा तेच विचारलं.

शुक्रवार, २१ ऑक्टोबर

आज कापायला घेणार होतो, मशीनची दुरुस्ती निघाली. सोमवारी. घाईघाईत कापणार नाही. घाईत कापलं असं पुन्हा लेखी यायला नको.

शनिवार, २२ ऑक्टोबर

तळ्यावरच्या घरी आलो. काठाला बर्फाची पापडी धरली आहे. सौना, म्हणजे आम्हा फिनिश लोकांची उघड्या अंगाने बसायची वाफेची खोली, तापवला, ऐंशी अंश. पेन्ती आला होता — माझ्या बायकोचा, आयलाचा भाऊ, कागदाच्या गिरणीतून निवृत्त झालेला, तेव्हापासून तोंड चालू.

“तुझा साहेब नाही आला?”

“बोलावलं होतं. तीन वर्षं दर शरदात सगळ्या लॅबला बोलावतो. सगळे येतात, हा येत नाही. कधी सर्दी, कधी सासू.”

“लाजत असेल. इंग्रज लोक अंघोळही चड्डीत करतात.”

“तो स्कॉटिश आहे.”

“मग चड्डी धुवावी लागेल म्हणून येत नसेल.”

माझ्या मते लाजबीज काही नाही. स्ट्रेचर ढकलणाऱ्याच्या फळीवर उघडं बसायचं नाही, एवढंच. सौनात पदव्या खुंटीला टांगाव्या लागतात.

रात्री जेवताना आयलाला सगळं सांगितलं, उपरा, चुणी, कागद. तिने मधे न बोलता ऐकलं, हे वाईट लक्षण. मग म्हणाली,

“सोमवारी कापलंस आणि तू बरोबर निघालास, तर?”

“ट्रेव्हरला कागद मागे घ्यावा लागेल.”

“आणि तो?”

“तो कोण?”

“चार मिलिमीटरवाला.”

मी मासा संपवला.

“म्हणजे तुझी चूक असेल तर तुला एक कागद,” ती म्हणाली, “आणि तुझी चूक नसेल तर त्याला कॅन्सर. तू मग नक्की काय व्हावं म्हणतोस?”

मी म्हणालो, मी काही म्हणत नसतो, मी कापतो. ती उठून भांडी घासायला गेली.

रविवार, २३ ऑक्टोबर

चर्च. प्रवचन कशावर होतं आठवत नाही.

मी तो एकेचाळीस ठोकळ्यांचा शुक्रवार आठवत होतो. त्या सकाळी लॅबमध्ये फोन आला होता. आयलाचाच — गॅरेजवाल्याने गाडीला हिवाळ्याचे टायर बसवून ठेवलेत, येताना गाडी घेऊन ये. मी हातमोजा काढला, बोललो, नवा घातला. बावीस झाल्यावर की तेवीस झाल्यावर?

तेवीस झाल्यावर असेल, तर परत येऊन मी पेपर फिरवला की थेट चोविसावा लावला?

फिरवला असेलच. हात आपोआप फिरतो.

आपोआप फिरणारा हात फिरला की नाही हे आठवत नसतं. तीच तर भानगड आहे.

न फिरलेला बरा, असं एकदा मनात आलं. तारखेसह नोंद करतो. पुन्हा येऊ दिलं नाही.

सोमवार, २४ ऑक्टोबर

आठ वाजता सुरू केलं. भांडं घासलं, नवं पाणी, नवं पातं. आज दुसरा कुणाचाच ठोकळा टेबलावर ठेवला नाही. आज उपरा यायचा तर दारातून चालत यावा लागेल.

चार मिलिमीटरच्या तुकड्यातला निम्मा आधीच गेलेला. ठोकळा तिरका बसला तर पहिल्याच चार फेऱ्यांत उरलेली कातडी मेणाबरोबर कचऱ्यात जाते, आणि गेलेली कातडी परत येत नाही. ठोकळा पात्याला समांतर करायला मी पस्तीस मिनिटं घेतली. स्टॅनने वीस घेतली असती, पण स्टॅनला चष्मा नव्हता.

ट्रेव्हर साडेआठला दारात येऊन उभा राहिला.

“नवं पाणी?”

“नवं.”

“पातं?”

“नवं.”

“आज राहू दिलं तरी चालेल, रेयो. क्लिनिककडून दुसरा तुकडा मागवता येईल.”

“याच्यात आहे तो मला पुरतो.”

“किती काप काढणार?”

“बारा पातळ्या, प्रत्येकी तीन. छत्तीस. आणि मधला एकही फेकणार नाही.”

मला वाटलं आता जाईल. गेला नाही. मी स्टूल सरकवलं. “बस, डोक्यावर उभा राहू नकोस.”

“उभाच बरा आहे.”

छत्तिसाव्या कापापर्यंत उभा होता. एका शब्दाने मधे बोलला नाही, हे मान्य करायला हवं. प्रत्येक काप पाण्यावर पसरताना पुढे वाकून बघायचा. मी काय चुकतो ते टिपायला, दुसरं काय?

छत्तीसपैकी चुण्या: शून्य.

मंगळवार, २५ ऑक्टोबर

रंग चढवून सकाळी दहाला काचा बाईंच्या हातात दिल्या. त्यांनी दार लावून घेतलं आणि दुसऱ्या तोंडाशी मला बसवलं.

पहिल्या पातळीत काही नाही. साधी सुजलेली कातडी, एक्झिमा म्हणून खपेल अशी. दुसरीतही नाही. मला बरं वाटलं की वाईट, हे ठरवायच्या आत तिसरी आली.

तिसरीत पेशी खालच्या थरातून वर निघालेल्या. सुट्या सुट्या, एकेक. कातडीच्या वरच्या थराला जिथे तळ असतो तिथे त्या रांगेने उभ्या, हिवाळ्यात बसच्या थांब्यावर लोक उभे राहतात तशा — जवळ, पण एकमेकींना न चिकटता. प्रत्येकीभोवती पांढरं रिकामं वर्तुळ. मोठ्या भिंगाखाली आतला गाभा घड्या पडलेला, अक्रोडाच्या गरासारखा. सूज आली की पेशी गर्दी करतात, पण अशी रांग धरत नाहीत. साध्या एक्झिम्यात कातडी पाणी धरून फुगते, मग पेशी वर चढतात. इथे पाणी नाही, फुगवटा नाही, पेशी मात्र वर. सहावीत सात जणींचा पुंजका, कातडीच्या आत, स्वतःच्या छोट्या खोलीत बसल्यासारखा. वर पडलेला नाही. आठवीत तसाच. अकरावीत दोन.

तेविसाव्यातल्या गाठीची काच शेजारी लावून पाहिली. तिथल्या पेशी मोठ्या, गोल, फुगलेल्या. या त्या नव्हेत.

“उपरा नाही,” मी म्हणालो.

“नाही,” बाई म्हणाल्या. “घरचाच आहे.”

मी वाट पाहिली. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. शेवटी म्हणाल्या, “कापलंय उत्तम, रेयो. याहून चांगलं मला मोठ्या शहरातही कुणी देणार नाही.”

हे शब्द जसेच्या तसे लिहिले आहेत.

बुधवार, २६ ऑक्टोबर

आयलाला काल सांगितलं, पुल्ला कर, आमचा सणासुदीचा गोड पाव, दोन मोठ्या वेण्या. कशासाठी विचारलं, मी म्हणालो ऑफिसात द्यायला. पहाटे भाजून दिला. कापून लॅबच्या मोठ्या टेबलावर ठेवला, लोण्यासकट. सगळ्यांनी विचारलं, काय विशेष? म्हटलं, पाणी स्वच्छ निघालं. टाळ्या झाल्या. कुणीतरी टेबल वाजवलं.

ट्रेव्हर शेवटी आला. कागद आणला होता, त्यावर आडवी रेघ आणि ‘मागे घेतला’, सही, तारीख. मी घडी घालून खिशात ठेवला आणि बशी पुढे केली.

उभ्यानेच खाल्ला. “छान आहे. वेलची का?”

“वेलची.”

“तुमचं पाणी स्वच्छ होतं,” तो म्हणाला.

नऊ दिवस मी या वाक्याची वाट बघत होतो. म्हणालो, “ते मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.”

“सांगितलं होतंत.”

मग दुपारी बरं नाही म्हणून घरी गेला. हरल्यावर माणसाला बरं नसतंच.

आयलाने संध्याकाळी विचारलं, पुल्ला कसा झाला. सगळा संपला म्हटलं. कशाबद्दल वाटलास ते तिने पुन्हा विचारलं नाही. तिला कळलं असावं.

शुक्रवार, २८ ऑक्टोबर

ट्रेव्हर रजेवर. न रंगवलेल्या बारा काचा खास तपासणीसाठी टोरोंटोला पाठवल्या. खोका मी स्वतः बांधला.

शुक्रवार, ४ नोव्हेंबर

टोरोंटोचं उत्तर आलं. सगळ्या पेशी एकाच घराण्यातल्या, आणि निरोगी पेशीवर जी एक खूण असायला हवी ती यांच्यावर नाही. नाव तेच. मी चिठ्ठी वाचून ओळखलं होतं तेच. पाचवा.

बाईंना विचारलं, पुढे काय होतं अशा माणसाचं? याआधीच्या चौघांबद्दल मी कधी विचारलं नव्हतं.

“चट्ट्यांवर आहे तोवर हळू चालतो. फार हळू. याला घेऊन पुष्कळ जण म्हातारे होतात. आठवड्यातून तीनदा खास दिव्याच्या पेटीत उभं करतात, त्याने चट्टे विरतात. वाईट होतो तो न ओळखता पुढे गेला तर.” मग म्हणाल्या, “तुम्ही सही केली असतीत तर आणखी नऊ वर्षं मलमं चालली असती.”

हे आयलाला सांगितलं. ती म्हणाली, “बरं झालं.” कुणाचं, ते बोलली नाही.

सोमवार, ७ नोव्हेंबर

ट्रेव्हर कामावर आला. थोडा उतरलाय. येऊन माझ्या टेबलापाशी उभा राहिला, मी ठोकळा पुरा होईपर्यंत थांबला. पेपर फिरवला, तो त्याने पाहिला.

“शनिवारी सौना तापवणार आहात?”

“दर शनिवारी तापवतो.”

“मी आलो तर चालेल?”

“तीन वर्षं विचारतोय की.”

“म्हणूनच विचारलं.”

आयलाला सांगितलं, साहेब माफी मागायला येतोय. पेन्तीला बजावलं, चड्डीवरून काही बोलायचं नाही.

शनिवार, १२ नोव्हेंबर

ट्रेव्हर आला. कपडे खुंटीला लावले, पंचाही लावला, आणि आत आला. डाव्या कुल्ल्यावर व्रण — गोल, चार मिलिमीटर, टाके निघालेले. भोवती तळहाताएवढा फिकट तांबूस चट्टा, कातडी पातळ, सुरकुतलेली. मांडीवर आणखी तीन. पेन्ती काही बोलला नाही.

“आता बसता येतं,” ट्रेव्हर म्हणाला, आणि फळीवर माझ्या शेजारी बसला. मी दगडांवर पाणी टाकलं.

नंतर आयलाने कॉफीबरोबर पुल्ला ठेवला. ट्रेव्हरने दोन तुकडे खाल्ले. मला गेला नाही.